मशीनच्या आत मशीन, पण चिपच बदलली तर?

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या गोडदेवमधूनच. रात्री साडेदहाला समोरच्या बिल्डिंगमधला एक मुलगा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा. म्हणाला, "दादा, हा खराब निघाला वाटतं. पप्पांनी हप्त्यांवर घेतलाय. त्यांना अजून सांगितलं नाही मी."

प्रकरण असं होतं. कॉलेजनं पेनड्राइव्हवर एका व्हर्च्युअल मशीनची फाइल दिलेली. आत लिनक्स आणि वर्षभराची प्रॅक्टिकल्स. वर्गातल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर ती चालते, फक्त याच्याच नाही. आणि सोमवारी सबमिशन.

लॅपटॉप खराब नव्हता. उलट वर्गातला सगळ्यात नवा लॅपटॉप तोच असेल. फक्त त्यात एआरएम घराण्यातली चिप होती आणि फाइल बनवलेली होती एक्स८६ साठी, म्हणजे इंटेल-एएमडीवाल्या घराण्यासाठी. दोघांची भाषाच वेगळी.

तो लगेच म्हणाला, "पण दादा, व्हर्च्युअल मशीन म्हणजे खोटं मशीनच ना? मग खरी चिप कुठली का असेना!"

आजचा भाग या एका प्रश्नावर आहे.

वाटून देणं वेगळं, सोंग घेणं वेगळं

व्हर्च्युअल मशीन खोटं नसतं. आतल्या लिनक्सच्या बहुतेक सूचना थेट तुमच्याच प्रोसेसरवर चालतात. म्हणून तर ते वेगवान असतं. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर फक्त मोक्याच्या वेळी मध्ये पडतं. म्हणजे हे एकच घर दोघांना वाटून देण्यासारखं झालं. प्रोसेसर एक्स८६ कळणारा नसेल, तर एक्स८६ चं काय वाटून देणार?

दुसरी पद्धत इम्युलेशन. यात परक्या चिपच्या सूचना आपल्या चिपच्या भाषेत उलथून चालवायच्या, म्हणजे चक्क सोंग घ्यायचं. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं क्यूईएमयू हे काम करतं. त्या रात्री आम्ही तेही केलं. फाइल चालली! पण लॉगिनची स्क्रीन येईपर्यंत आमचा चहा पिऊन झाला, आणि प्रत्येक कमांडनंतर पुन्हा वाट बघणं आलंच.

टाकीचा वॉल्व्ह

आता हायपरवायझर मध्ये पडतं म्हणजे नेमकं काय करतं? मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला हे पाण्यावरून पटकन कळेल.

सोसायटीत प्रत्येक भाडेकरू आपल्या घरात हवं ते करू शकतो. पण गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह सगळ्यांचा. त्याला कोणी हात लावला की सेक्रेटरीला कळलं पाहिजे. तो येणार, बघणार आणि ठरवणार. इथे भाडेकरू म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टीम, सेक्रेटरी म्हणजे हायपरवायझर.

१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी हाच नियम नीट मांडला. यंत्राच्या सामायिक स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना पकडली गेली पाहिजे. मग हायपरवायझर बनवणं सोपं होतं.

जुन्या एक्स८६ मध्ये नेमकी इथेच गळती होती. २००० साली झालेल्या एका अभ्यासात पेंटियमच्या १७ सूचना या नियमात न बसणाऱ्या निघाल्या. पॉपएफ नावाची सूचना घ्या. भाडेकरूनं तिच्यातून इंटरप्ट बंद करायला सांगितलं, तर चिप ते गपचूप सोडून द्यायची. घंटा नाही, तक्रार नाही. भाडेकरूला वाटायचं वॉल्व्ह बंद झाला, सेक्रेटरीला पत्ताच नाही.

१९९९ मध्ये व्हीएमवेअरनं यावर वाट काढली: आतल्या सिस्टीमचा असा कोड चालण्याआधीच बदलून टाकायचा. पुढे २००५ मध्ये इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं चिपमध्येच सोय दिली. तिचा आधार घेऊन लिनक्समध्ये केव्हीएम आलं, २००७ च्या सुरुवातीला.

मग नुसतं पुन्हा कंपाइल का होत नाही?

कारण प्रत्येक चिपचं प्लंबिंग वेगळं असतं. हायपरवायझरचा बराचसा कोड नव्या चिपसाठी सरळ कंपाइल होतोही. पण आतल्या सिस्टीमला मेमरी कशी दाखवायची, इंटरप्ट आणि घड्याळ कसं पोचवायचं, आत शिरायचं कसं आणि बाहेर यायचं कसं, हे भाग त्या चिपची कागदपत्रं बघून नव्यानं लिहावे लागतात.

एआरएमचंच बघा. तिथे हायपरवायझरसाठी एक वेगळा मजला दिला होता, लिनक्सच्या मजल्याच्या वर. पण केव्हीएम तर लिनक्सच्या पोटात राहणारं! आणि त्या वरच्या मजल्यावर लिनक्स जसंच्या तसं चालेना. म्हणून केव्हीएमचे दोन तुकडे केले. छोटा तुकडा वरच्या मजल्यावर, बाकी सगळं खाली. कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेलं हे काम २०१३ मध्ये लिनक्स ३.९ मध्ये आलं. नंतर एआरएमनं आपल्या ८.१ आवृत्तीत अशी सोय दिली, की अख्खं लिनक्सच वरच्या मजल्यावर राहू शकेल. म्हणजे सॉफ्टवेअरची अडचण बघून चिपचा नकाशा बदलला.

चिप नाही, तरी काम सुरू

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट रिस्क-फाइव्हची. हे खुलं आर्किटेक्चर आहे, कोणीही त्यावर चिप बनवू शकतं. केव्हीएम तिथे नेण्याच्या कामात पुढे होते अनुप पटेल, तेव्हा वेस्टर्न डिजिटलमध्ये काम करणारे. पहिले पॅच त्यांनी २०१९ मध्ये पाठवले.

गंमत म्हणजे हायपरवायझरची सोय असलेली रिस्क-फाइव्ह चिप तेव्हा बाजारात नव्हतीच. मग कोड तपासायचा कुठे? क्यूईएमयूमध्ये! म्हणजे सोंग घेतलेल्या चिपवर खऱ्या हायपरवायझरची तालीम.

कोड तयार होता, तरी लिनक्समध्ये प्रवेश मिळेना. रिस्क-फाइव्हच्या देखभालकर्त्यांचा नियम होता: चिपचं स्पेसिफिकेशन पक्कं झाल्याशिवाय त्यावरचा कोड घ्यायचा नाही. नियम जाचक वाटतो, पण बरोबर आहे. उद्या प्लंबिंगचा नकाशा बदलला, तर आज लिहिलेलं सगळं वाया. पॅच सुधारत सुधारत विसाव्या आवृत्तीपर्यंत गेले. स्पेसिफिकेशन २०२१ च्या अखेरीस मंजूर झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१६ मध्ये केव्हीएम रिस्क-फाइव्हवर पोचलं.

हे आपल्यापासून दूरचं नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे वेगा प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आधारलेले आहेत. देशी चिप म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. पण चिप बनली म्हणजे अर्धंच काम झालं. तिच्यावर हे सगळं आणून बसवणारे हात लागतात, आणि ते काम खुलं आहे. कोणीही शिकू शकतं.

आणि तुमच्या हातातला फोन? तोही जवळपास नक्की एआरएमच. अँड्रॉइड १३ पासून गुगलनं त्यात केव्हीएमचंच एक संरक्षित रूप आणलं. २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर डेबियन लिनक्स चालवणारं टर्मिनल आलं, तेही व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतं.

त्या मुलाचं काय झालं?

फाइल सोडून दिली. लिनक्सची एआरएम आवृत्ती उतरवली, तिचं नवं व्हर्च्युअल मशीन बनवलं आणि कॉलेजच्या फाइलमधून त्याचे प्रोग्रॅम तेवढे काढून घेतले. सी आणि पायथनचं सगळं चाललं. अडलं एकच, असेम्ब्लीचं प्रॅक्टिकल. ते एक्स८६ चंच होतं, त्यामुळे तेवढं त्या कासवगतीच्या क्यूईएमयूवर केलं. छोटा प्रोग्रॅम, चालून गेला.

तर लॅपटॉप घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. चिप कुठल्या घराण्याची? आणि कॉलेजचं किंवा ऑफिसचं व्हर्च्युअल मशीन कुठल्या घराण्यासाठी बनवलंय? आणि वर्गासाठी फाइल बनवणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती: तयार मशीनसोबत ते कसं बनवलं त्याची यादीही द्या. मशीन एका चिपला बांधलेलं असतं. यादी कुठल्याही चिपवर पुन्हा रांधता येते.

रात्री दीडला जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "मग पप्पांना सांगायची गरज नाही ना?"

म्हटलं, "सांग की. वर्गात सगळ्यात नवा लॅपटॉप तुझाच आहे, हे सांग."

तुमचं कुठलं सॉफ्टवेअर नव्या चिपवर अडलंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!