समुपदेशकाची पाटी नको, शाळेत माणूस हवा

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५चा निकाल एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आला आहे. प्रकरण ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं होतं, त्यामुळे मथळे आणि चर्चा कोचिंग क्लासेसभोवतीच फिरल्या. पण न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दिलेली पंधरा मार्गदर्शक तत्त्वं शाळांनाही लागू आहेत, याकडे फार कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. म्हणजे हा आदेश तालुक्याच्या गावातल्या न्यू इंग्लिश स्कूललाही आहे आणि महापालिकेच्या माध्यमिक शाळेलाही. अंमलबजावणीच्या आढाव्यासाठी न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२५ ही तारीख दिली होती.

या आदेशाचं प्रत्यक्षात काय होईल, याची मला धास्ती वाटते. शासन निर्णय निघेल, परिपत्रक शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईल, मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये नजर फिरवतील आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा एका शिक्षकाच्या नावापुढे ‘प्रभारी समुपदेशक’ असं लिहिलं जाईल. तंबाखूमुक्त शाळा, रस्ता सुरक्षा, तक्रार निवारण, सखी सावित्री समिती या यादीत आणखी एका फाइलची भर पडेल. याच निकालाने नेमायला सांगितलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला शंभर टक्के अनुपालनाचा अहवाल जाईल. आणि आठवी-नववीतलं जे मूल आज कुणाशीही बोलत नाही, ते उद्याही बोलणार नाही.

प्रश्न किती मोठा आहे ते निकालपत्रातच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. हे आकडे शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांचे एकत्रित आहेत. मात्र मनाच्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा शाळेच्या वयातच होते. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं, असं म्हटलं तर हिशेब डोळ्यांसमोर येतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते असं सांगितलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. २८ टक्के मुलांना वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो. ज्याला ‘हे गणित समजलं नाही’ एवढं म्हणायची भीती वाटते, तो ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे कुणाला सांगणार?

निकालपत्रातलं एक तत्त्व माझ्या मते समुपदेशकाच्या नेमणुकीपेक्षाही महत्त्वाचं आहे. गुणवत्तेनुसार मुलांचे वेगळे गट पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, झेपणार नाहीत अशी उद्दिष्टं लादू नका, असं ते सांगतं. रोख कोचिंगवर असला, तरी शब्द सर्व शैक्षणिक संस्थांसाठी आहेत. आता आपल्या शाळा आठवून पाहा. ‘अ’ तुकडी हुशारांची, ‘ड’ तुकडी उरलेल्यांची, ही वाटणी कित्येक शाळांत आजही होते. ‘ड’मध्ये कोण शिकवायला जातं, कुठला वर्ग शेवटच्या मजल्यावर असतो, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कुणाला मिळतं, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक असतं.

घटक चाचणीचे पेपर वाटण्याची पद्धत पाहा. गठ्ठा गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेला असतो. पहिल्या पाचांना नाव घेऊन, कौतुकाने. मधल्यांना पटापट. शेवटच्या दहांना थांबून, एकेक वाक्य ऐकवून. ‘वडील काय करतात रे तुझे? बरं, मग तुला कशाला शिकायला हवं.’ वर्ग हसतो. हसणाऱ्यांत ते मूलही असतं, कारण हसलं नाही तर आणखी हसतील. हे सगळं तीन मिनिटांत होतं आणि कुठल्याही नोंदवहीत येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली, पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. नववी-दहावीचं मूल नेमक्या अडनिड्या वयात त्याच्या कक्षेबाहेर पडतं. अशा वर्गाच्या शेजारी समुपदेशन कक्ष उघडला, तर दुखापत एका खोलीत होत राहणार आणि मलमपट्टी दुसऱ्या खोलीत.

मग शाळेने करायचं काय? याचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर आपल्याच देशात, बिहारमध्ये मिळालेलं आहे. आपल्याकडे त्याची चर्चा होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे काम ज्या ‘संगाथ’ संस्थेने केलं ती तर आपल्या शेजारची, गोव्याची. डॉ. विक्रम पटेल हे मुंबईत वाढलेले मनोविकारतज्ज्ञ. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ही संस्था उभी केली. मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाही अशा देशात त्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा, साध्या पदवीधर माणसाला नेमकं प्रशिक्षण द्यायचं, त्याच्या कामावर जाणत्याची देखरेख ठेवायची आणि त्याला माणसांमध्ये उभं करायचं, हा डॉ. पटेलांचा आयुष्यभराचा आग्रह आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी हा प्रयोग केला. असे अ-तज्ज्ञ समुपदेशक नैराश्याच्या रुग्णांना सावरू शकतात, हे २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलं.

पुढे हाच विचार शाळेत गेला. नालंदा जिल्ह्यातल्या ७५ सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत विभागल्या (त्यातली एक पुढे गळली). एका गटात नेहमीचा सरकारी जीवनकौशल्यांचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. दुसऱ्या गटात ‘सेहर’ नावाचा उपक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात तोच उपक्रम, तीच साधनं, पण चालवणारा माणूस बाहेरून आणलेला. त्याचं काम एवढंच. त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. पाहणी नववीच्या मुलांची होती. मुलांवर धाकदपटशा होतो का, मारहाण होते का, उदास वाटतं का, शाळेत आपलं कुणी आहे असं वाटतं का, हे सुरुवातीला आणि शाळेचं वर्ष संपताना विचारलं.

निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘मित्र’ असलेल्या शाळांत वातावरण फार मोठ्या फरकाने सुधारलं. धाकदपटशा कमी झाला, हिंसा कमी झाली. उदासीही उतरली, जरी तिथला फरक माफक होता. दुसऱ्या वर्षी हा परिणाम टिकला, उलट वाढला. आणि शिक्षकाकडे सोपवलेल्या शाळांत? नेहमीचाच सरकारी कार्यक्रम चाललेल्या शाळांत आणि त्यांच्यात फरक जवळपास दिसलाच नाही.

यात शिक्षकांची निंदा नाही. दिवसाला सहा-सात तास, यू-डायसची माहिती, मतदार याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, कुणी रजेवर असेल तर ऑफ तास. ‘आम्ही शिकवायचं कधी?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण वेळ दिला तरी एक अडचण उरतेच. शिक्षकाच्या हातात गुण असतात. तो उद्या वर्गावर येणार असतो. मुलाची तक्रार त्याच्याच सहकाऱ्याबद्दल असू शकते, कधी त्याच्याबद्दलही. वर्गात ओरडणारा आवाज आणि मधल्या सुट्टीत ‘मोकळेपणाने बोल’ म्हणणारा आवाज एकाच माणसाचा असेल, तर मूल पहिल्याच आवाजावर विश्वास ठेवतं. म्हणूनच ‘प्रभारी समुपदेशक’ या तोडग्याला माझा विरोध आहे. त्याचा उपयोग होत नाही हे ७४ शाळांत पाहून झालं आहे.

हा ‘मित्र’ करायचा काय? बंद खोलीत बसून एकेका मुलाशी बोलणं हा त्याच्या कामाचा एक भाग. परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर विषय मांडायचे, भित्तिपत्रिका चालवायची, वर्गावर्गात मुलांचे गट बांधायचे, कार्यशाळा घ्यायच्या, धाकदपटशाबद्दल शाळेचं धोरण ठरवून घ्यायचं, आणि मुलांच्या मनातलं बाहेर येण्यासाठी एक पेटी ठेवायची.

पेटी तर आपल्याकडेही आहे. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने तक्रारपेट्यांचा पुन्हा आग्रह धरला. पुढच्या पालकसभेला गेलात तर ती शोधून पाहा. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, कार्यालयाच्या खिडकीसमोर, बहुतेकदा सीसीटीव्हीच्या टप्प्यात ती टांगलेली असते. किल्ली कार्यालयात. चिठ्ठी टाकायला जाणारं मूल शिपायापासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना दिसतं. मग पेटी रिकामी निघते आणि ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असा अहवाल जातो. हीच पेटी जिन्याच्या वळणावर किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावा. किल्ली शिक्षकवर्गाबाहेरच्या माणसाकडे द्या. दर आठवड्याला ठरल्या वारी ती उघडा, आणि आलेल्या गोष्टीचं काय केलं ते कुणाचं नाव न घेता परिपाठात सांगा. सुरुवातीला चिठ्ठ्या पाण्याच्या टाकीबद्दल येतील, बंद पंख्याबद्दल येतील. त्यांची दखल घेतली गेली, टाकी धुतली गेली, की मुलांना खात्री पटते. मागच्या बाकावरच्या त्रास देणाऱ्या मुलाची, अंगाला हात लावणाऱ्या रिक्षाकाकाची आणि घरात होणाऱ्या मारहाणीची चिठ्ठी त्यानंतरच येते.

इथे थोडं अप्रिय बोलायला हवं. मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्याकडे ध्यानाचा तास आणि पाहुण्यांचं व्याख्यान यांची सोय लगेच होते. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगता-ध्यानाचा मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना आधी नीट तयार केलं, मग त्यांनी मुलांना शिकवलं. २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांपेक्षा त्याचा काही जास्त फायदा झाला नाही. ध्यानाने वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण सकाळी दहा मिनिटं डोळे मिटायला लावून दुपारी उतरत्या क्रमाने पेपर वाटले, तर सकाळची दहा मिनिटं वायाच जाणार.

पैशाचं बोलू. २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेला राज्यातल्या २३ हजारांहून अधिक माध्यमिक शाळांतून मुलं बसली. प्रत्येक शाळेत एक माणूस, महिना वीस हजार मानधन धरलं, तर वर्षाचा खर्च सुमारे ५५० कोटी होतो. लहान शाळांना मिळून एक माणूस देता येईल. शाळासंकुलांनी समुपदेशक वाटून घ्यावेत हा विचार २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. रक्कम मोठी आहे, अशक्य नाही. माणसं कुठून आणणार, या प्रश्नाचं उत्तर तर निकालपत्रातच आहे. बालक आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता न्यायालयाला चालतो. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. तिथून दरवर्षी बाहेर पडणारी एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली मिळेल त्या कंत्राटी प्रकल्पावर राबत असतात. त्यांना नेमकं प्रशिक्षण द्या, दहा-पंधरा शाळांमागे एक अनुभवी मानसतज्ज्ञ देखरेखीला ठेवा. मुख्य अडसर संचमान्यतेचा आहे. अनुदानित शाळेच्या मंजूर पदांत मुख्याध्यापक, शिक्षक आणि लिपिक बसतात, समुपदेशक बसत नाही. तो रकाना उघडल्याशिवाय बाकी सगळं परिपत्रकापुरतं राहील.

हा ‘मित्र’ डॉक्टर नव्हे, हेही स्पष्ट असायला हवं. खोल नैराश्य, स्वतःला इजा करणं, आयुष्य संपवण्याचा विचार, लैंगिक अत्याचार, इथे त्याने वेळ न दवडता पुढे पाठवायचं असतं. अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नये. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल, त्यांनाच सांगेन’ असं खरं ते सांगावं. आणि पालकांनो, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं मुलाला सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने ओझं हलकं होतं. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक वर्गावर्गात ठळक अक्षरांत लावायचा, असंही न्यायालयाने बजावलं आहे.

राज्याने याआधी धाडसी पावलं उचललेली आहेत. २०१५ पासून दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा त्याच पावसाळ्यात होऊ लागली आणि हजारो मुलांचं वर्ष वाचलं. ते प्रबोधनाने झालं नाही. नियम बदलला, पैसा दिला, यंत्रणा उभी केली, तेव्हा झालं. आताही तेच करावं लागेल. त्यासाठी पालकसभेत सहामाहीच्या गुणांबरोबर तीन गोष्टी विचारा: आमच्या शाळेचा समुपदेशक कोण, तो तासही घेतो का, आणि पेटीची किल्ली कुणाकडे असते? ‘आमच्याच एका सरांकडे चार्ज दिलाय’ असं उत्तर आलं, तर ते मान्य नसल्याचं तिथेच इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेच्या दप्तरात विरोधाची नोंद झाली, की ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत नेता येते. मंत्रालयाला हलवायचं असेल, तर सुरुवात तिथूनच होईल.