सहीचा मान

उलव्याची टेकडी कापून आणि नदीचं पात्र वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. रायगडच्या पोरांना तिथं काय काम मिळेल, याची चर्चा बहुधा सुरक्षा, सामान आणि सफाईपाशीच थांबते. विमान दुरुस्त करून त्यावर सही करणाऱ्या एएमईचं, म्हणजे परवानाधारक देखभाल अभियंत्याचं नाव क्वचितच निघतं.

विमानाला पाना लावणारे पुष्कळ असतात. काम नीट झालं, विमान सोडायला हरकत नाही, अशी सही मात्र परवानाधारकच करतो. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 'कार-६६' नियमांत या सहीचे वर्ग ठरले आहेत. 'ए' किरकोळ कामांसाठी, 'बी-१' इंजिन आणि सांगाड्यासाठी, 'बी-२' विद्युत आणि एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणाऱ्या टर्बाइन हेलिकॉप्टरांसाठी 'बी-१.३' लागतो. समुद्रावरून परतलेल्या इंजिनाच्या कॉम्प्रेसरवर मीठ बसतं, म्हणून तो गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. खारी हवा लोखंडाचं काय करते, हे आपल्या बंदरांवर कुणाला शिकवायला नको.

या परवान्यासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवं. पुढं एकेका विषयाचा पेपर, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला तरी 'बी-१.१'साठी, म्हणजे टर्बाइन विमानांच्या परवान्यासाठी, चालत्या विमानांवर २ वर्षांचा अनुभव लागतो. एवढं करूनही एअरबस ए-३२०वर सही करायची, तर त्या जातीचं प्रशिक्षण वेगळं.

हात घडतो तो बारीक कामांत. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून लॉकवायर ओवतात. पीळ असा द्यायचा, की तारेची ओढ बोल्टला घट्टच करेल. कापलेलं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटतं. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा असतो. पाळी संपताना एक खळगा रिकामा दिसला, तर पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. विसरलेला पाना कंट्रोल केबलमध्ये अडकला, तर वैमानिकाचं कौशल्यही कामाला येत नाही.

प्रशिक्षण संस्थेची इमारत आणि जाहिरात पाहून फी भरू नका. संस्थेला 'कार-१४७'ची, म्हणजे प्रशिक्षण संस्थांच्या नियमांखालची मान्यता आहे का, कोणत्या वर्गासाठी आहे आणि प्रत्यक्ष काम कुठल्या हँगरमध्ये देणार, हे लेखी मागा. मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा. परवाना डीजीसीए देते, कॉलेज नव्हे.