काच धुवायला गरम पाणी हवंच का? : उष्णतेच्या धड्याला एक वेगळं उदाहरण



दहावीच्या विज्ञानात उष्णता विनिमयाचं तत्त्व शिकवताना आपण नेहमी तांब्याचा गोळा गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकतो. गणित सुटतं, गुण मिळतात, पण तो गोळा कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नसतो. आज एक असं उदाहरण घेऊ की ज्यात हे गणित चुकलं तर एखाद्या माणसाचे हजारभर पौंड उगाच खर्च होतात.

ब्रिटनमध्ये घरोघरच्या खिडक्या बाहेरून धुणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. एक माणूस, एक व्हॅन, आणि दर चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी ठरलेल्या घरांची फेरी. पूर्वी शिडी, बादली आणि रबरी पट्टीचा वायपर असे. २००५ साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले, आणि जमिनीवर उभं राहून लांब काठीने काच धुण्याची पद्धत आणखी पसरली. काठीच्या टोकाला ब्रश, ब्रशमध्ये बारीक फवारे, आणि व्हॅनमधल्या टाकीतून लांबलचक नळीने येणारं पाणी. नंतर पुसायचं नाही. काच तशीच वाळू द्यायची.

न पुसता डाग कसे पडत नाहीत? कारण ते पाणी आपल्या घरच्या आरओसारख्याच पडद्यातून आणि मग रेझिनमधून गाळून टीडीएस शून्याच्या जवळ आणलेलं असतं. त्यात क्षारच नाहीत, मग वाळल्यावर मागे राहणार काय? बोअरवेलच्या पाण्याने स्कूटर धुऊन उन्हात ठेवली की पांढरे ठिपके उठतात ना, त्याच्या बरोबर उलट.

आता या व्यावसायिकांपुढचा प्रश्न असा : हे पाणी गरम करणारी यंत्रणा व्हॅनमध्ये बसवावी का? डिझेलवर चालणारा हीटर बसवून घ्यायचा तर खर्च हजार पौंडांच्या वर जातो. "गरम पाण्याने स्वच्छ निघतं" हे तर आपल्यालाही पटतं, भांडी घासताना रोज बघतो. पण हिशेब करू.

फवाऱ्यातून मिनिटाला २ लिटर पाणी जातं असं धरू. हिवाळ्यात टाकीतलं पाणी ८ अंश, ते ४५ अंशांवर न्यायचं. म्हणजे २ किलो गुणिले ३७, मिनिटाला ७४ किलोकॅलरी. ज्यूलमध्ये बदलून ६० ने भागलं की जवळपास ५.२ किलोवॅट. आपल्या बाथरूममधला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर याच प्रवाहाला जेमतेम २१ अंश चढवेल. म्हणून चालत्या कामात वीज पुरत नाही, डिझेल लागतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते. ऐंशी टक्के कामी आली तर तासाला लिटरचा दोन तृतीयांश भाग जळेल. दिवसात चार तास पाणी वाहिलं तर अडीच लिटरच्या आसपास. हा खर्च फार नाही. खरा खर्च यंत्र घेण्याचा आणि दुरुस्तीचा.

दुसरा मार्ग म्हणजे रात्री टाकीतच हीटिंग रॉड टाकून ठेवणं. ५०० लिटर पाणी ८ वरून ४० वर न्यायला १८.६ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटच्या रॉडला सहा तासांहून जास्त. (मुलांना हे गणित जरूर द्या, आणि घरच्या वीजबिलातला दर लावायला सांगा.) पण इथे एक धोका आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. कोमट टाकी तशीच ठेवणं आणि मग तेच पाणी फवारणं म्हणजे नेमकी नको ती जोडी. डिझेल हीटर पाणी वाहता वाहता तापवतो, त्यामुळे तिथे ही अडचण कमी. मात्र त्याचा धूर व्हॅनच्या बाहेरच सोडावा लागतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या दुर्घटना आपल्याकडे वर्तमानपत्रात येतात, कारण तेच, कार्बन मोनॉक्साइड.

आता पाणी निघालं ४५ अंशांवर. काचेपर्यंत किती पोचतं? नळी १०० मीटर आणि आतून ६ मिलिमीटर असेल तर तिच्यात २.८ लिटर पाणी मावतं. म्हणजे प्रत्येक थेंब जवळजवळ दीड मिनिट नळीत असतो, आणि ती नळी ओल्या गवतावर, थंड वाऱ्यात पसरलेली. आठ-दहा अंश वाटेतच जातात. ३५ धरू.

आणि आता खरी गंमत. एक चौरस मीटर, ४ मिलिमीटर जाडीची काच घ्या. तिचं वजन १० किलो. काचेची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे ती काच एक अंशाने तापवायला २ किलोकॅलरी लागतात. दोन लिटर पाण्यालाही एक अंशासाठी २ किलोकॅलरीच! काच ५ अंशांवर, पाणी ३५ वर. मिनिटभर धुतलं तर दोघांचा मध्य २० अंश. प्रत्यक्षात बरंचसं पाणी पूर्ण उष्णता न देताच ओघळून जातं. आपलं खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठतं. म्हणजे या "गरम पाण्याने" धुतलेल्या काचेवर खोबरेलसुद्धा वितळेल याची खात्री नाही! ब्रशच्या टोकाशी पाणी अजून ३५ असतं, तिथे थोडा फायदा होतो, हे मान्य.

पृष्ठीय ताण कमी होतो म्हणून गरम पाणी चांगलं, असंही सांगितलं जातं. मला हे फारसं पटत नाही. १० वरून ४० अंशांवर गेल्यावर पृष्ठीय ताण जेमतेम सहा टक्के उतरतो. श्यानता मात्र निम्मी होते, त्यामुळे पाणी फटीत लवकर शिरतं. क्षारांच्या डागांवर तर उष्णता उपयोगाचीच नाही. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर आठवा.

मग नेहमीच्या फेरीत काचेवर असतं काय? धूळ, परागकण, कोळ्याची जाळी. हे ब्रशने आणि शुद्ध पाण्याने निघतं, थंड असलं तरी. पक्ष्यांची विष्ठा भिजत ठेवली की सुटते. तिथे तापमानाइतकाच वेळही महत्त्वाचा. म्हणून दर महिन्याला तीच घरं धुणाऱ्याने निव्वळ काचेसाठी हीटर घेऊ नये, असं माझं मत. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराजवळच्या तेलकट काचा किंवा वर्षानुवर्षं न धुतलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी हे ज्याचं रोजचं काम आहे, त्याचं गणित वेगळं.

पण एक गोष्ट वरच्या हिशेबात बसत नाही. जानेवारीत सकाळी आठला ओली नळी हातात धरून दिवसभर उभं राहणाऱ्याची बोटं. गरम पाण्याने नळी मऊ राहते, सहज गुंडाळते, हात बधिर होत नाहीत. हीटर घ्यायचा असेल तर माझ्या मते हे कारण काचेपेक्षा जास्त खरं आहे.

जुन्या काचेला मात्र जपावं. साध्या काचेच्या दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तर ती तडकू शकते, विशेषतः कडेला टवका उडालेला असेल तर. गोठलेल्या काचेवर ६० अंशांचं पाणी सोडणं शहाणपणाचं नाही.

वर्गात करून बघायचं असेल तर चाळीस अंशांच्या पुढे जाऊ नका. जाड काचेचा तुकडा घ्या, कडांना चिकटपट्टी लावा, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा आणि मग तिरपा धरून मोजून कोमट पाणी ओता. थर्मामीटरचं टोक पाण्यात न धरता काचेच्या मागच्या बाजूला चिकटवा. आकडा काय येतो याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला लावा.