खरवडण्याआधी जरा थांबा!

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. मैत्रिणींनो, मी म्हणेन, जुनं घर दुरुस्त करून पाहावं!

आमचं बिऱ्हाड सध्या अमेरिकेत, न्यू जर्सीत. रविवारी मी इथल्या मुलांना मराठी शिकवते, एरवी घरच सांभाळते. इथल्या लाकडी घरांत आपल्यासारखा कोबा नसतो. तुळयांवर प्लायवूड ठोकतात नि त्यावर टाइल्स चिकटवतात. आमचं घर १९६२ सालचं. स्वयंपाकघरातल्या टाइल्स पटापट निघाल्या, पण खाली डांबरासारखा काळा, चिवट गोंद राहिला. ह्यांनी घासायचं यंत्र भाड्यानं आणलं. मीही ओढणी कमरेला बांधली.

तेवढ्यात शेजारच्या आजी डोकावल्या आणि यंत्र पाहून चक्क दारातच आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान जन्मभर हेच काम करीत. शेवटी शेवटी त्यांना चार पायऱ्या चढवत नव्हत्या. आम्ही यंत्र न लावताच परत केलं.

त्या काळच्या टाइल्समध्ये आणि काळ्या गोंदात पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे तंतू असत. ते चिकटून आहेत तोवर फारसा धोका नाही. पण कोरडे घासले, की डोळ्यांना न दिसणारी धूळ होऊन फुप्फुसांत जातात. आजार उमटतो तो २० ते ४० वर्षांनी! नुसत्या रंगावरून काही कळत नाही. आम्ही गोंद ओला करून त्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, 'आहे.' खरं तर टाइल्स काढण्याआधीच तपासायला हवं होतं. आमची धाकटी तिथंच भातुकली मांडून बसली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मग जाणकारांच्या सल्ल्यानं तो गोंद न खरवडता वर नवं पातळ प्लायवूड बसवून घेतलं. तपासणीत काही निघालं नसतं, तर ओलं फडकं ठेवून, गोंद मऊ करून पत्रीनं काढता आला असता. मात्र प्लायवूडवर पाणी ओतायचं नाही; थर सुटतात. रॉकेल-पेट्रोलसारखं काही तर मुळीच नको; भडका उडायला शेगडीची एक ठिणगी पुरते.

'आमच्याकडे कुठं प्लायवूडची जमीन?' असं म्हणाल. पण मागीलदारचा राखाडी सिमेंटचा पत्रा पाहिलात का? त्यातही बहुतेकदा हेच ॲस्बेस्टॉस असतं. तो फोडू नका, कापू नका. फुटलाच तर आधी पाणी शिंपडा, कोरडा केर काढू नका आणि मुलांना लांब ठेवा.

जमीन चार दिवस उशिरा चकचकीत झाली तरी चालेल, नाही का?