पुंजीचे मोल

इ. स. 1654 मध्ये पास्काल व फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत एका प्रश्नावर पत्रव्यवहार झाला. अर्धवट थांबलेल्या खेळातील पणाची रक्कम खेळाडूंमध्ये कोणत्या न्यायाने वाटावी, हा तो प्रश्न होय. संभाव्यताशास्त्राचा पाया या विचारातून घातला गेला. पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो.

अशा स्पर्धेत सर्व खेळाडू सारखेच प्रवेशमूल्य भरतात व प्रत्येकास सारख्याच चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की खेळाडू बाद होतो. जो शेवटपर्यंत टिकतो तो पहिला. मध्येच चकत्या देऊन पैसे घेता येत नाहीत. मग हातातील चकत्यांचे मोल कसे ठरवावे?

समजा, चार खेळाडू उरले आहेत. प्रत्येकाजवळ 2,500 चकत्या आहेत आणि पहिल्या तिघांस अनुक्रमे 50, 30 व 20 रुपये मिळावयाचे आहेत. कौशल्य समान मानल्यास प्रत्येकाच्या पुंजीचे मोल 25 रुपये होते. आता दोघांनी आपले सर्वस्व पणास लावले. हरणारा रिकाम्या हाताने उठेल. जिंकणाऱ्याच्या चकत्या दुप्पट होतील. त्यांचे मोल मात्र दुप्पट होत नाही.

पहिल्या क्रमांकाची संभाव्यता चकत्यांच्या प्रमाणात धरावी. तो दुसऱ्या कोणास गेल्यास उरलेल्यांत पुन्हा तेच प्रमाण लावावे. डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 मध्ये शर्यतींसारख्या स्पर्धांसाठी ही रीत मांडली होती. तीनुसार जिंकणाऱ्यास पहिला क्रमांक मिळण्याची संभाव्यता एक-द्वितीयांश, दुसरा मिळण्याची एक-तृतीयांश आणि तिसरा मिळण्याची एक-षष्ठांश येते. 25, 10 व 3.33 यांची बेरीज 38.33 रुपये. म्हणजे 13.33 रुपयांच्या लाभासाठी 25 रुपये धोक्यात घातले! शंभरांत 65 हून अधिक वेळा जिंकण्याचा संभव असेल, तरच हे धाडस शहाणपणाचे ठरते. उलट, स्वस्थ बसलेल्या दोघांचे मोल काही न करता 25 वरून 30.83 वर जाते.

सर्व बक्षीस पहिल्यासच द्यावयाचे असते, तर दुप्पट चकत्यांचे मोलही दुप्पट झाले असते. बक्षिसांची पायरी-पायरीने होणारी वाटणीच या फरकाचे मूळ होय.

यावरून खेळाची नीती ठरते. दोघांच्या झुंजीत लहान पुंजीइतक्याच चकत्या पणास लागतात. म्हणून मोठ्या पुंजीचा खेळाडू आपल्याहून लहानाकडून एका डावात बाद होऊ शकत नाही. तो निर्धास्तपणे इतरांवर दडपण आणतो. मधल्या पुंजीच्या खेळाडूने त्याच्याशी झुंज टाळावी, कारण त्याच्याहून दुबळा कोणी आधी बाद होण्याचा संभव असतो. अगदी लहान पुंजीच्या खेळाडूस मात्र थांबून चालत नाही. पाळीने भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमा ठराविक वेळाने वाढत जातात. 6,000 चकत्या असताना दर फेरीस 1,500 जात असतील, तर चार फेऱ्यांत, आणि रकमा वाढल्यास त्याआधीच, सारे संपेल. आपल्या बोलीस कोणी बिचकेल इतकी पुंजी शिल्लक आहे तोवरच त्याने धाडस करावे.

तेच पत्ते एकाने टाकून द्यावेत आणि दुसऱ्याने त्यांवर सर्वस्व लावावे, आणि दोघांचेही बरोबर असावे, याचे कारण हेच.