नाव सुप्राचं, इंजिन कुणाचं?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक मित्र असणारच. स्वतःची बाइक शेवटची सर्व्हिसिंगला कधी टाकली हे त्याला आठवत नाही, पण 'टूजेझेड' म्हणजे काय हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. त्याच्यासमोर एकदा सहज म्हणून बघा, "नवी सुप्रा भारी आहे ना?" पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ती सुप्रा नाहीच रे, बीएमडब्ल्यू आहे."

२०१९ मध्ये टोयोटाने सुप्रा परत आणली तेव्हापासून हा वाद सुरू आहे. आता त्या गाडीची फायनल एडिशनही जाहीर होऊन गेली, तरी वाद काही संपत नाही. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी फक्त स्क्रीनवर पाहिलीय. भारतात टोयोटाने ती अधिकृतपणे विकलीच नाही. तरीही भांडायला काय जातंय? आणि खरं सांगायचं तर भांडण वाटतं तितकं फालतू नाही. एखाद्या गाडीचं 'स्वतःचं' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्यात आहे.

आधी ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९३ ला आलेली चौथ्या पिढीची सुप्रा (चाहते तिला 'मार्क फोर' म्हणतात) ही दंतकथा झालेली गाडी. तिच्यातलं तीन लिटरचं, दोन टर्बोंचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन म्हणजेच टूजेझेड. लोखंडी ब्लॉक इतका दणकट की कंपनीने दिलेल्या ३२० हॉर्सपॉवरवर समाधान न मानता ट्यूनर मंडळींनी त्याच ब्लॉकमधून हजारच्या वर काढले. मग २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्यूरियस'मध्ये पॉल वॉकरने नारिंगी सुप्रा चालवली आणि विषयच संपला. त्या सिनेमात वापरलेली एक सुप्रा २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. सिनेमा नाही पाहिला त्यांनी ती ग्रॅन टुरिस्मो नाहीतर नीड फॉर स्पीडमध्ये दामटली.

पण एक गोष्ट हे चाहते सोयीस्करपणे विसरतात. ही गाडी शोरूममध्ये नवी मिळत होती तेव्हा अमेरिकेत तिला गिऱ्हाईक मिळेना. तिथली विक्री १९९८ मध्येच थांबली आणि २००२ मध्ये उत्पादनही बंद झालं. पोस्टर लावणारे लाखो, चेक फाडणारे मोजके. पुढचं सगळं समजून घ्यायला हे एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर सतरा वर्षं सुप्रा नव्हती. मधल्या काळात टोयोटाने सहा सिलिंडर एका रांगेत बसवणारी इंजिनं बनवणंच सोडून दिलं. अशा इंजिनाचं कौतुक का, तर त्यातले पिस्टन जोडीजोडीने असे हलतात की एकमेकांचे हादरे आपोआप खोडले जातात. इंजिन लोण्यासारखं फिरतं. पण ते लांबलचक असतं, आणि पुढची चाकं ओढणाऱ्या घरगुती गाडीच्या बॉनेटखाली आडवं बसवणं कठीण. म्हणून एकेक करून बऱ्याच कंपन्यांनी तो नाद सोडला. बीएमडब्ल्यूने मात्र सोडला नाही. त्यांची ती ओळखच आहे.

आता टोयोटाच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवून बघा. सुप्रा परत आणायची तर सहा सिलिंडर एका रांगेत हवेतच. पहिल्या सुप्रापासूनचा तो नियम. इंजिन मागच्या चाकांना ताकद देणारं हवं. प्रदूषणाचे नवे नियम पाळायचे. आणि हे सगळं अशा गाडीसाठी, जी आधीच एकदा गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलीय! नवं इंजिन कोऱ्या कागदावरून बनवायचा खर्च कुठल्या अकाउंटंटने मंजूर केला असता? २०१३ च्या जानेवारीत टोयोटा आणि बीएमडब्ल्यूने करार केला, त्यात स्पोर्ट्स कारचा पाया मिळून विकसित करायचा मुद्दा होता. त्यातून एकीकडे छत उघडणारी बीएमडब्ल्यू झेड फोर आली आणि दुसरीकडे बंद छताची सुप्रा. दोघी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, मॅग्ना स्टायर या तिसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात तयार होणार असं ठरलं. इंजिन बीएमडब्ल्यूचं बी ५८. आत बसलात तर स्क्रीन, बटणं, गिअरचा दांडा, सगळं ओळखीचं वाटेल. अर्थात तुम्ही कधी बीएमडब्ल्यूत बसला असाल तर. बॉनेट उघडलं की बऱ्याच भागांवर बीएमडब्ल्यूचेच शिक्के.

कट्टर चाहत्यांचा पारा इथेच चढतो. जपानी दंतकथेत जर्मन काळीज! एक गट म्हणतो, मग झेड फोरच घ्या की, ही त्याच गाडीची टोपी बदललेली आवृत्ती आहे. दुसरा गट म्हणतो, टोयोटाने नाव विकलं.

आपल्याकडच्या वाचकाला ही शंका येणं साहजिकच आहे. सुप्रा परत आली त्याच २०१९ मध्ये टोयोटाने भारतात ग्लान्झा आणली. बलेनोचा मारुतीचा बिल्ला काढून टोयोटाचा लावला, नाव बदललं, झालं बारसं. त्याआधीची गोष्ट आठवते? फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तर तेच. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनायचं. लोक हसत त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. पण तेव्हा कुणी स्विफ्टला 'ही इटालियन आहे' म्हणून नाक मुरडलं नाही. मायलेज मिळतंय ना, मग आपल्याला काय करायचंय! सोवळं फक्त स्पोर्ट्स कारच्या देवघरात पाळतात.

सुप्राचं प्रकरण मात्र ग्लान्झासारखं नाही. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या टीमने आधी बीएमडब्ल्यूसोबत बसून मूळ मापं ठरवली. मग दोन्ही टीम आपापल्या वाटेने गेल्या. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ठेवलं २,४७० मिलिमीटर. जुन्या मार्क फोरपेक्षा ८० मिलिमीटर कमी, आणि टोयोटाच्याच छोट्या ८६ पेक्षा तब्बल १०० कमी. आखूड आणि रुंद गाडी चटकन वळते. टोयोटा तर व्हीलबेस आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या १.५५ या प्रमाणाला 'गोल्डन रेशो' म्हणते. हा आकडा टोयोटाने नुसता सोसला नाही, तो तिला हवा होता. सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिनाचं ट्यूनिंग यांची जुळवणी टोयोटाच्या लोकांनी स्वतःची केली. एकाच बाजारातून आणलेल्या कांदा-बटाट्याची दोन घरांत दोन चवींची भाजी होते, तसंच हे.

आणि आता त्या मित्रासाठी राखून ठेवलेला मुद्दा. ज्या टूजेझेडच्या नावाने शपथा घेतल्या जातात, ते दोन टर्बोंचं इंजिन पहिल्यांदा सुप्रात आलंच नव्हतं. ते १९९१ मध्ये टोयोटा अरिस्टो नावाच्या चार दारांच्या, साहेबी थाटाच्या सेदानमध्ये आलं. सुप्राला ते दोन वर्षांनी मिळालं. मार्क फोरचा पाया टोयोटाच्याच सोआररशी सामायिक, आणि तिचा सहा गिअरचा प्रसिद्ध गिअरबॉक्स गेट्राग या कंपनीचा. गेट्राग कुठली? जर्मनीची! अजून मागे जा. १९७८ ची पहिली सुप्रा म्हणजे सेलिका गाडीचं नाक लांबवून त्यात सहा सिलिंडर बसवलेली गाडी. नावच होतं 'सेलिका सुप्रा'. त्याहून मागे गेलात तर टोयोटाची सगळ्यात पवित्र मानली जाणारी १९६७ ची २०००जीटी. ती यामाहाच्या मदतीने झालेली. म्हणजे ज्या कुळाच्या शुद्धतेसाठी लोक भांडतायत, त्या कुळात उसनवारी पहिल्या दिवसापासून आहे.

ट्यूनर लोकांनी तर हा वाद त्यांच्या पद्धतीने केव्हाच निकालात काढला. गाडी हातात पडताच त्यांनी बी ५८ उघडलं, मोठे टर्बो चढवले आणि हे इंजिनही मार खाऊ शकतं हे दाखवून दिलं. सुरुवातीला अमेरिकेतल्या सुप्रात ३३५ हॉर्सपॉवर होती, पुढच्या मॉडेलमध्ये टोयोटाने स्वतःच ती ३८२ केली.

म्हणून 'ही बीएमडब्ल्यू आहे' हा आरोप मला तरी लंगडा वाटतो. दुसरा आरोप मात्र मनापासून पटतो, आणि त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तो आहे दिसण्याचा.

२०१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये टोयोटाने एफटी वन ही कन्सेप्ट कार दाखवली होती. कॅलिफोर्नियातल्या टोयोटाच्या कॅल्टी स्टुडिओची कलाकारी. फॉर्म्युला वनसारखं पुढे आलेलं नाक, लांब बॉनेट, फुगलेले खांदे. बघणाऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हीच नवी सुप्रा. पाच वर्षांनी खरी गाडी आली तेव्हा तीच रेखाटनं लहान, आखूड गाडीवर ताणून बसवलेली होती. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याने घातला की खांदे कसे उतरतात, तसं काहीसं. आखूड व्हीलबेसने वळणावर जे दिलं, ते डोळ्यांकडून वसूल केलं.

चांगलं काहीच नाही असं नाही हं. छतावरचे दोन फुगवटे थेट २०००जीटीची आठवण करून देतात. लांब नाक, मागे सरकवलेली छोटी केबिन, मागच्या झाकणातून उगवलेला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर. मागून तिरप्या कोनात बघा, गाडी जमिनीला नखं रोवून बसल्यासारखी दिसते. मला तो कोन भयंकर आवडतो.

पण मग तुमचं लक्ष दारांवरच्या व्हेंटकडे जातं. बॉनेटवरही तसेच. हवा आत-बाहेर जायला केलेली वाटतात, पण ती बंद आहेत. काळं प्लॅस्टिक. गाडी जाहीर झाली तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल याचीच झाली. रेसिंगसाठी गाडी बदलणाऱ्यांना या जागा कामी येतील असं टोयोटाकडून सांगितलं गेलं. ठीक आहे, पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत खोटे खिसे कशाला? जीन्सचे खोटे खिसे आपल्याला चालत नाहीत (मुलींना हे वेगळं सांगायला नको), मग पन्नास हजार डॉलरच्या गाडीत का चालावेत? इंजिन उसनं असलं तरी ते खरंखुरं काम करतं. दारावरचा व्हेंट कामाचं सोंग आणतो. चाहत्यांनी जर्मन शिक्क्यावर जेवढा राग काढला, त्यातला निम्मा जरी या प्लॅस्टिकवर काढला असता ना!

राग योग्य ठिकाणी काढला तर कंपनी ऐकते, याचंही उदाहरण याच गाडीत सापडतं. सुप्रा आली ती फक्त ऑटोमॅटिक. स्पोर्ट्स कारला क्लच नाही म्हटल्यावर बोंब झाली, आणि ती रास्त होती. २०२२ मध्ये टोयोटाने सहा गिअरची मॅन्युअल सुप्रा जाहीर केली. पुढे बीएमडब्ल्यूलाही मोह झाला आणि झेड फोर मॅन्युअलमध्ये आली. २०२५ मध्ये ती भारतातही पोहोचली. आता कोण कुणाची नक्कल, तुम्हीच ठरवा.

'टोयोटाने सगळं घरीच करायला हवं होतं' असं अजूनही वाटत असेल, तर निस्सानच्या नव्या झेडकडे एकदा बघा. २०२१ मध्ये ती समोर आली. जुन्या २४०झेडची आठवण देणारा चेहरा, ३००झेडएक्ससारखे मागचे दिवे, पहिल्या दिवसापासून मॅन्युअल, कुठल्या बाहेरच्या कंपनीचा शिक्का नाही. दिसण्याला लोकांनी भरभरून दाद दिली. मग तक्रार आली की पाया जुन्या ३७०झेडचाच आहे. शेजाऱ्याकडून उसनं घेतलं नाही, तर आजोबांच्या ट्रंकेतून काढावं लागलं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटाने सुप्राची फायनल एडिशन जाहीर केली. जपान आणि युरोप मिळून फक्त ३०० गाड्या. पुन्हा तीच कथा होणार याची मला खात्री आहे. दहा-पंधरा वर्षांनी हीच 'बीएमडब्ल्यू' कुणाच्या तरी हॉस्टेलच्या भिंतीवर लागेल आणि तेव्हाचा ग्रुपमधला मित्र सांगेल, खरी सुप्रा तीच होती रे, पेट्रोलवाली.

तोपर्यंत आपल्यासाठी एक सोय आहे. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय चेन्नईत जोडली जाते आणि तिच्यातही बी ५८ आहे. पुढच्या वेळी एक्स्प्रेस वेवर तुमच्या शिवनेरीला एखादी साधीशी दिसणारी बीएमडब्ल्यू सेदान मागे टाकून गेली, तर मागे काय लिहिलंय ते वाचा. आकडा जुळला तर इअरफोन काढा आणि काच सरकत असेल तर सरकवा.