बायपाससाठी रक्तवाहिनी कुठली?

“बायपास करावी लागेल,” असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपण घाबऱ्याघुबऱ्या दोनच गोष्टी विचारतो: धोका किती आणि खर्च किती? मैत्रिणींनो, तिसरा प्रश्नही विचारा: “जोडायला रक्तवाहिनी कुठली घेणार?”

शाळेत शिकलेलं आठवतं ना? शुद्ध रक्त पोचवते ती रोहिणी, अशुद्ध रक्त परत नेते ती नीला. हृदयाची रोहिणी चरबीनं तुंबली, की अडथळ्याच्या पुढे दुसरी वाहिनी जोडून रक्ताला नवी वाट देतात. १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी यासाठी पायातली नीला वापरली, आणि ही पद्धत रूढ झाली. नीला लांब मिळते, काढायलाही सोपी. पण तिला सवय कमी दाबाची! रोहिणीचा दाब सोसता सोसता ती आतून जाड होते. दहा वर्षांत अशा बऱ्याच नीला बंद पडतात.

छातीच्या हाडामागून उतरणारी डावी रोहिणी मात्र चिवट. दहा वर्षांनीही दहातल्या नऊ चालू असतात. तिचं वरचं टोक जागेवरच ठेवून खालचं हृदयाला जोडतात. लेनिनग्राडच्या डॉ. वासिली कोलेसोव्ह यांनी हे १९६४ सालीच केलं होतं. ही रोहिणी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडलेले रुग्ण जास्त जगतात, हे क्लीव्हलंडच्याच डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवलं. आज जवळपास सगळीकडे हीच रीत आहे. उरलेल्या जोडांसाठी मनगटाची रोहिणीही घेता येते.

एक गोष्ट मनाला लागते. रोहिणीचे जोड बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा मिळतात, असं पाहण्यांत दिसून आलं आहे. तेव्हा नवऱ्यासाठी विचाराल तसं स्वतःसाठीही विचारा, संकोचू नका.

एवढं लक्षात ठेवा:

• अँजिओग्राफी कुठल्या मनगटातून झाली, ते सर्जनना सांगा. ती रोहिणी सहसा वापरत नाहीत.

• मनगटाची रोहिणी काढण्याआधी पंजाला दुसऱ्या रोहिणीतून पुरेसं रक्त मिळतं का, हे तपासतात.

• मधुमेह असेल तर जरूर सांगा. छातीच्या दोन्ही रोहिणी घेतल्यास हाडाची जखम चिघळण्याची भीती वाढते.

• तातडीच्या वेळी डॉक्टरांनी नीलाच निवडली, तर हट्ट धरू नका. तेव्हा वेळ मोलाची असते.

आणि जोड कुठलाही असो, घरी आल्यावर विडी-सिगारेट बंद, गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालू!